काळ्या मातीसाठी जिप्सीत सोळाशेचे इंजिन

काळ्या कापसाच्या जमिनीत गाडी रुतली की बहुतेक वेळा दोष टायरवर टाकला जातो. वरोरा तालुक्यातील आमच्या वावरात मारुती जिप्सी चालवताना माझे मत हळूहळू वेगळे बनत गेले. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात, आणि मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की हीच माती टायरच्या खाचांत इतकी घट्ट भरून बसते की नवा, खोल नक्षीचा टायरही गुळगुळीत होऊन जातो. मुरमाड उतारावर किंवा नाल्यातील गोट्यांवर लो रेंजच्या (फोर-बाय-फोर गाडीतील कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या जोडणीच्या) पहिल्या गीअरमध्ये सावकाश चढणे योग्य ठरते. येथे मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण चाक इतके हळू फिरते की खाचांतील चिखल बाहेर फेकलाच जात नाही. दुसऱ्या गीअरमध्ये चाकाला पुरेशी गती मिळते आणि खाचा मोकळ्या होत राहतात, पण त्या गीअरमध्ये चिखलाचा ओढा सोसण्याइतका जोर लहान इंजिनाकडे मधल्या फेऱ्यांवर (इंजिन मिनिटाला जितके फिरते त्या) नसतो आणि ते गचके देत बंद पडते. मला मोठे इंजिन हवे होते ते एवढ्यासाठी. डांबरी रस्त्यावरील वेगाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

गाडी होती ती जिप्सी किंग, कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल व हवा यांत्रिकपणे मिसळणारी. जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली आणि २००० मध्ये तिलाच फ्युएल इंजेक्शनचे (पेट्रोल दाबाने फवारणारे), १६ व्हॉल्व्हचे, सुमारे ८० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. माझी गाडी या दोन टप्प्यांच्या मधली, म्हणजे ८ व्हॉल्व्हची आणि सुमारे ६० अश्वशक्तीची होती. ती ताडोब्याच्या बाजूला काही वर्षे पर्यटकांना फिरवून निवृत्त झालेली होती. चंद्रपूर जिल्ह्यात जिप्सी घेण्याचा हा मोठा फायदा आहे: मोहर्ली, कोलारा, चिमूर या पट्ट्यात सफारीच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री जागोजागी आहेत, आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), हब, क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा), क्लच प्लेट यांसाठी कोणाला नागपूर गाठावे लागत नाही.

मोठे इंजिन म्हटल्यावर गावातील जवळजवळ प्रत्येकाने डिझेलचा सल्ला दिला. ट्रॅक्टरच्या जगात वावरणाऱ्या माणसाला तो स्वाभाविक वाटतो आणि जोराच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. परंतु जिप्सीचा सर्वांत मोठा गुण तिचे वजन हा आहे. रिकामी गाडी साधारण एक टनाची असते, आणि ज्या ओल्या धुऱ्यावर जड जीप ॲक्सलपर्यंत खाली जाते तेथून ती वरच्यावर निघून जाते. तिच्या पुढच्या चाकांवर डिझेलचा बिडाचा ब्लॉक ठेवला तर तो गुणच आपण काढून घेतो. म्हणून मी पेट्रोलवर, त्यातही सुझुकीच्या जी मालिकेतील इंजिनांवर ठाम राहिलो, कारण त्यांचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात.

या मालिकेतील जी-१६-बी हे १५९० सीसीचे इंजिन जुन्या बलेनो सेदानमध्ये येत असे. ही बलेनो म्हणजे १९९९ मध्ये आलेली आणि २००७ मध्ये बंद झालेली गाडी. आजची त्याच नावाची हॅचबॅक नव्हे. जिप्सी किंगच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिलिमीटर आहे, तर बलेनोच्या इंजिनाचा बोअर ७५ आणि स्ट्रोक तब्बल ९० मिलिमीटर. वाढलेले सीसी बहुतांशी लांब स्ट्रोकमधून आलेले आहेत, आणि माझ्या गरजेच्या दृष्टीने हाच आकडा महत्त्वाचा होता. बलेनोची सुमारे ९४ अश्वशक्ती ऐकायला चांगली वाटते, पण चिखलात कामाला येतो तो सुमारे १३० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर), आणि तोही ३००० फेऱ्यांच्या आसपास. ८० अश्वशक्तीच्या इंजेक्शनवाल्या जिप्सीला तिचा १०३ न्यूटन-मीटरचा टॉर्क मिळवण्यासाठी ४५०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. काळ्या मातीत ४५०० फेऱ्या म्हणजे चाक जागच्या जागी फिरवून खड्डा खणणे होय.

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याचा विचार करणे आवश्यक होते आणि त्याविषयी मी स्पष्ट लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. इंजिनाची क्षमता प्रमाणपत्रावर छापलेली असते, त्यामुळे सोळाशेचे इंजिन टाकलेली जिप्सी सार्वजनिक रस्त्यावर आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीसमोर आपली बाजू उरत नाही, आणि त्याचा भार ज्याला धडक बसली त्या निरपराध माणसावरही पडू शकतो. म्हणून मी आधी गाडीची नोंदणी रद्द करून घेतली. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे आमच्या वावराला तारेचे पक्के कुंपण आहे, नाल्याकाठचा पडीक तुकडाही त्याच्या आतच येतो, आणि गाडी तेथेच चालते. कोठे बाहेर न्यायची असेल तर ती आयशर ट्रकवर चढते.

इंजिन नागपूरच्या भंगार बाजारातून घेतले. येथे दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, बिलावर इंजिन क्रमांक आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची कागदपत्रे. विनाबिलाचे इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी ते कोणत्या गाडीचे हे सांगता येत नसेल तर घेऊ नये. दुसरी, इंजिनासोबत त्याच गाडीचा संपूर्ण वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा), ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सर्व सेन्सर. विक्रेते वायरिंग कापून इंजिन मोकळे करून देतात, कारण तांब्याचे पैसे त्यांना वेगळे मिळतात. कापलेल्या हार्नेसमधून एकेक तार शोधत बसण्यापेक्षा इंजिनाला थोडे जास्त पैसे मोजणे केव्हाही परवडते. गाडीत इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) असेल तर तिची मूळ चावी आणि त्याचा डबाही बरोबर मागावा, नाहीतर ईसीयू इंजिन सुरूच होऊ देत नाही. दुकानातच बॅटरी जोडून स्टार्टरवर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतील दाब) मोजले. चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते आणि माझ्या लेखी आकडा किती यापेक्षा तेच महत्त्वाचे होते.

वरोऱ्याला आल्यावर मिस्त्रींनी इंजिन घोडीवर चढवून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि सर्व गॅस्केट बदलले. बाहेर असताना जे काम तासाभराचे असते तेच आत बसल्यावर दिवस खाते, त्यामुळे या टप्प्यावर काटकसर करण्यात अर्थ नाही.

बलेनोमध्ये हे इंजिन आडवे बसते, कारण ती गाडी पुढच्या चाकांवर चालते. जिप्सीत ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवावे लागते. बलेनोचा गीअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा भाग) एकाच खोक्यात असतात, म्हणून तो भाग पूर्णपणे बाजूला ठेवायचा आणि जिप्सीचा स्वतःचा पाच गीअरचा बॉक्स कायम ठेवायचा. सुदैवाने या मालिकेतील तेराशे आणि सोळाशे इंजिनांची गीअरबॉक्सला जोडणारी बोल्टांची रचना जुळते, त्यामुळे मधली ॲडॉप्टर प्लेट बनवण्याची गरज पडली नाही; हे इंजिन निवडण्याचे दुसरे मोठे कारण हेच होते. क्लच प्लेट मात्र जिप्सीच्या गीअरबॉक्सच्या शाफ्टला जुळणारी घ्यावी लागते. आमच्या हाती आलेल्या इंजिनात क्रँकच्या टोकाशी पायलट बेअरिंग (गीअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे) नव्हते, कारण आडव्या मांडणीत त्याला आधार द्यावा असा शाफ्टच नसतो. ते लेथवाल्याकडून माप घेऊन बसवून घेतले. हे बेअरिंग वगळले तर गाडी सुरुवातीला चालते, पण शाफ्टचे टोक अधांतरी डोलत राहून गीअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग खाते.

खरी अडचण उंचीची होती. लांब स्ट्रोकमुळे सोळाशेचा ब्लॉक तेराशेपेक्षा उंच आहे, आणि त्याचे बलेनोचे ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलवर येते. पहिल्यांदा चेन-पुलीला इंजिन लटकवून खाली सोडले तेव्हा मिस्त्री वाकून पाहत म्हणाले, “इंजन तं बसते भाऊ, पन चेंबर कोठी ठेवू?” वर बोनेट आणि खाली ॲक्सल या दोन मर्यादांच्या मध्ये काही इंचांची जागा शिल्लक होती, आणि पुढचे सारे काम त्या जागेचा हिशेब करण्यात गेले. आम्ही जिप्सीचे चेंबर घेतले आणि त्याबरोबर तेल ओढणारी जिप्सीचीच नळी बसवली. चेंबर आणि नळी यांची जोडी कधीही तोडू नये. नळीचे तोंड तळापासून योग्य अंतरावर नसेल तर तेल भरलेले असूनही चढावर तेलाचा दाब जातो. त्यामुळे तेलाची काडीही नव्याने आखावी लागली: ठरलेले तेल मोजून ओतायचे, इंजिन थोडे चालवून थांबवायचे, आणि मग काडीवर खूण करायची.

गाडी उभी असताना चेंबर आणि डिफरन्शियल यांच्यात अंतर दिसते, पण पुढचा पाटा पूर्ण दबला की ॲक्सल वर येतो, आणि खड्ड्यात धडक बसते ती त्या वेळी. हे अंतर मोजण्यासाठी मिस्त्रींनी वापरलेली युक्ती मला फार आवडली. त्यांनी वावरातील ओल्या काळ्या मातीचा गोळा चेंबरच्या तळाला चिकटवला, पाट्याला अटकाव करणारे रबर जागेवर ठेवले, एकेक चाक जॅकने वर उचलून पाटा पूर्ण दाबला, आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजली. बोटभर जाडी शिल्लक राहीपर्यंत इंजिन वर घेतले, आणि मगच फाउंडेशनचे (इंजिनाच्या बैठकीचे) ब्रॅकेट चेसिसला वेल्डिंगच्या टाक्यांनी धरले. क्रम येथे फार महत्त्वाचा आहे: गीअरबॉक्स आपल्या मूळ जागेवर राहिला पाहिजे, कारण ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीकडे) आणि तेथून दोन्ही ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी आणि कोन त्यावर ठरलेले असतात. आधी इंजिन गीअरबॉक्सला बोल्टांनी जोडायचे, ते जेथे येईल तेथे ब्रॅकेट करायचे, आणि अखेरचे वेल्डिंग इंजिन बाहेर काढून, बॅटरी व ईसीयूचे प्लग सोडवून करायचे. फाउंडेशनचे रबर जिप्सीचेच ठेवले. पक्के लोखंडी फाउंडेशन करण्याचा मोह होतो, पण मग सगळी थरथर चेसिसमध्ये उतरते आणि ब्रॅकेटलाच तडा जातो.

वरच्या बाजूला हवेचा मार्ग बोनेटला लागत होता. एअर फिल्टरचा डबा बाजूला नेऊन रबरी नळीने जोडला आणि हवा घेण्याचे तोंड पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत उंच नेले, कारण नाला ओलांडताना पाणी बोनेटवर चढते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन टाकताना पेट्रोलची संपूर्ण व्यवस्था बदलते, आणि याकडे अनेक जण हलक्याने पाहतात. इंजेक्टरना सुमारे अडीच ते तीन बार दाब लागतो; जुन्या यांत्रिक पंपाचा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. टाकीत इलेक्ट्रिक पंप, उच्च दाबाचा फिल्टर, त्या दाबाच्याच नळ्या आणि जादा पेट्रोल टाकीत परत आणणारी वेगळी नळी हे सर्व नव्याने घालावे लागले. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येत असल्याने जुन्या रबरी नळ्यांपैकी एकही ठेवली नाही. टाकीच्या आत पंपाभोवती वाटीसारखा कप्पा करून घेतला, कारण पेट्रोल कमी असताना गाडी तिरकी झाली तर ते एका कोपऱ्यात जाते आणि इंजिन नेमके चढावर, जोराची सर्वाधिक गरज असताना, बंद पडते.

वायरिंगचे काम वरोऱ्यातील ऑटो इलेक्ट्रिशियनने केले. त्याने बलेनोच्या हार्नेसमधून दिवे, काचा, एसी यांच्या तारा सोडवून केवळ इंजिनाचा भाग वेगळा ठेवला, आणि एकही तार मध्येच पिळून टेप गुंडाळून जोडली नाही. प्रत्येक सांधा सोल्डरने डागून घेतला. ईसीयू डॅशबोर्डच्या आत, शक्य तितक्या उंचावर बसवला. इंजिन, चेसिस आणि बॅटरी यांच्यातील अर्थिंगच्या जाड तारा दोन ठिकाणी दिल्या, कारण सेन्सरच्या विचित्र तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी वाईट अर्थिंगमधून जन्म घेतात. तपासणीचा सॉकेट आणि इंजिनाचा सूचक दिवा दोन्ही चालू ठेवले. आमची गाडी कापसाच्या कोठ्याशेजारी उभी राहते आणि तेथे उंदीर भरपूर असतात, म्हणून सगळा हार्नेस वळणदार प्लास्टिक नळीत घातला आहे.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले ते वैशाखात, आणि त्याच वेळी कूलिंगचा प्रश्न समोर उभा ठाकला. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. लो रेंजमध्ये गाडी बैलगाडीच्या वेगाने चालते, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्याची मदत शून्य असते आणि सर्व भार पंख्यावर पडतो. ॲल्युमिनियमचे हेड एकदा जास्त तापले तर वाकते, गॅस्केट जाते आणि मग सर्व खर्च पुन्हा करावा लागतो. जिप्सीचा जुना रेडिएटर तेराशेसाठीच बेताचा होता. चंद्रपूरच्या रेडिएटरवाल्याकडून त्याच चौकटीत जास्त थरांचा तांब्याचा गाभा बसवून घेतला, आणि इंजिनावर फिरणारा पंखा काढून त्याऐवजी तापमानाच्या स्विचवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा लावला. त्याला हाताने बंद करण्याचे बटनही दिले आहे, कारण नाल्याच्या पाण्यात फिरणारा पंखा पाती वाकवून रेडिएटरमध्येच घुसण्याची भीती असते. पंख्याभोवती पत्र्याची कड बसवल्यावर हवा बाजूने निसटायची थांबली आणि उभ्या गाडीत काटा खाली येऊ लागला. माझ्या अनुभवात मोठ्या गाभ्याइतकाच फरक या पत्र्याच्या कडेने पाडला. साध्या विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट आणि शुद्ध पाण्याचे मिश्रण भरले आहे, कारण आमच्या भागातील क्षारयुक्त पाणी ॲल्युमिनियमचे शत्रू आहे.

मृगाचा पाऊस चांगला पडून वावर भिजल्यावर गाडी नाल्याकाठच्या पडीत उतरवली. फोर-बाय-फोर, लो रेंज, दुसरा गीअर, आणि फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या थोडा खाली. जेथे जुने इंजिन गचके देऊन मान टाकत असे तेथे हे इंजिन आवाज न बदलता चालत राहिले, टायरच्या खाचांतून मातीची ढेकळे मागे उडत राहिली आणि गाडी वरच्यावर पुढे सरकत गेली. ज्या ठिकाणी पूर्वी ट्रॅक्टर बोलवावा लागे तो उतार ती एका दमात चढली तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. पायाखालच्या पेडलवर फारसे दाबावे लागत नाही, आणि हीच खरी सुधारणा आहे: कमी फेऱ्यांवर जोर मिळत असल्याने चाक अनावश्यक घसरत नाही आणि खड्डाही होत नाही.

वाढलेला जोर पुढच्या भागांवर जातो हे मात्र लगेच जाणवू लागले. ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये इंजिनाचा टॉर्क दुपटीहून अधिक होऊन ॲक्सलकडे जातो, आणि माझ्या जिप्सीचे शाफ्ट व क्रॉस साठ अश्वशक्तीचा विचार करून बनवलेले आहेत. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पहिल्याच पावसाळ्यात ढिला झाला. मागचे पाटे अचानक जोर पडला की पिळतात आणि ॲक्सलचे तोंड वर फिरते, त्यामुळे क्रॉसवर आणखी ताण येतो. त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या: क्रॉस चांगल्या प्रतीचे, ग्रीस भरण्याची सोय असलेले घातले आणि दर पावसाळी आठवड्याला ग्रीस देण्याची सवय लावली. चालवण्याची पद्धतही बदलली. मागे-पुढे झटके देऊन गाडी काढण्याची सवय लहान इंजिनासोबत खपून जात होती. आता स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना झटका दिला तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट तुटण्याची शक्यता खरोखर आहे, म्हणून चाके सरळ केल्याशिवाय जोर लावायचा नाही असा नियम मी आणि आमच्या सालदाराने कटाक्षाने पाळला आहे.

पेट्रोलचा खप वाढला आहे हेही खरे. पण चिखलात तासन्‌तास अडकून जळणारे पेट्रोल वाचते, त्यामुळे माझ्या वापरात फरक वाटतो तितका मोठा नाही. पुढची डिस्क आणि मागचे ड्रम ब्रेक मूळचेच ठेवले आहेत, कारण गाडी कुंपणाच्या आत कधी वेग घेतच नाही. मात्र ड्रममध्ये काळी माती शिरून लायनर लवकर झिजतात, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते उघडून धुतले जातात. दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी आटोपली की मागच्या ॲक्सलला पाट्यांचा पीळ रोखणारी एक दांडी बसवायची आहे. तिचे माप मिस्त्रींनी घेऊन ठेवले आहे आणि नळी लेथवाल्याकडे कापायला दिली आहे.